द्राक्षाचा दाखला आणि शेजाऱ्याची झोप

नाशिकहून सप्तशृंगगडाकडे निघालेल्या यात्रेकरूला दिंडोरी मागे पडल्यावर दुतर्फा द्राक्षांचे मांडव दिसू लागतात, आणि वणी येईपर्यंत ते त्याची सोबत सोडत नाहीत. वणी हे एके काळी देवीचे आणि बाजाराचे गाव होते. आज ते द्राक्ष, टोमॅटो आणि कांदा यांचेही गाव आहे. गावाच्या कडेला जिथे पूर्वी मोकळे शेत होते, तिथे आता बिनशेती झालेल्या जमिनीवर भूखंड पडले आहेत. शिक्षक, तलाठी, पतसंस्थेतील कारकून, एस. टी. तून निवृत्त झालेला कर्मचारी अशा माणसांनी आयुष्याची पुंजी घालून तिथे छोटी घरे बांधली आहेत. या घराच्या एका बाजूला रस्ता असतो आणि दुसऱ्या बाजूला, पुष्कळदा कुंपणाच्या तारेपलीकडेच, द्राक्षाची बाग असते.

ऑक्टोबरची छाटणी झाली की या बागांत एक यंत्र फिरू लागते. ट्रॅक्टरमागे जोडलेली औषधाची टाकी, तिच्यामागे मोठा पंखा आणि पंख्याभोवती वर्तुळात बसवलेल्या नोझल असे त्याचे रूप असते. ट्रॅक्टरच्या इंजिनावर पंखा गरगरतो आणि औषधाचे बारीक तुषार वाऱ्याच्या झोताने वेलींच्या पानांत घुसतात. शेतकरी त्याला ‘ब्लोअर’ म्हणतात. हा ब्लोअर पहाटे सुरू झाला की कुंपणापलीकडच्या घरातील माणसे जागी होतात, खिडक्या लावून घेतात आणि दोरीवरचे कपडे आत आणतात. तक्रार मात्र सहसा कोणी करीत नाही. बागाईतदार ओळखीचा असतो, त्याचा मुलगा याच घरातील शिक्षकाच्या वर्गात असतो, आणि स्वतः शिक्षकाच्या भावाचीही दोन एकर बाग कोठेतरी असतेच. गावातील शांततेचा प्रश्न असा भिडेपोटी बोलला जात नाही. परंतु न बोलल्याने प्रश्न संपत नाही. त्याचा भार कोणीतरी मुकाट्याने वाहत राहतो.

एकाच यंत्राची दोन भावंडे

अमेरिकेच्या शहरांत या यंत्राचे एक धाकटे भावंड गेली पन्नास वर्षे वादाचा विषय झालेले आहे. अंगणातील वाळलेली पाने झाडूने गोळा करण्याऐवजी पेट्रोलवर चालणाऱ्या पंख्याने ती उडवून लावणारे हे यंत्र. त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. पाठीवर बांधून पिकांवर औषध मारण्यासाठी जी यंत्रे निघाली, त्यांतूनच ते जन्मले. औषधाची टाकी काढून टाकली तरी नुसत्या वाऱ्याने पाने हलतात, हे लोकांच्या ध्यानात आले आणि शेतातील यंत्र घराच्या अंगणात शिरले. कॅलिफोर्नियातील कार्मेल या छोट्या गावाने १९७५ मध्ये आणि पुढे बेव्हर्ली हिल्सनेही त्याला बंदी केली. वॉशिंग्टन शहरात पेट्रोलवर चालणाऱ्या या यंत्रांवरील बंदी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून अशा लहान इंजिनांची नवी विक्री टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरविले.

यामागील कारणे समजून घेण्यासारखी आहेत. या यंत्रांपैकी पुष्कळांत टू-स्ट्रोक जातीचे इंजिन असते. पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण त्यात एकत्र जळते आणि त्या मिश्रणाचा सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग न जळताच बाहेर पडतो. आपल्याकडील जुन्या स्कूटरी आणि रिक्षा निळा धूर का सोडीत असत, याचे उत्तर हेच आहे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी रस्त्यावरून ही इंजिने मागे हटली. पण रस्ता सोडून शेतात आणि अंगणात वापरल्या जाणाऱ्या यंत्रांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. व्यावसायिक वापराचा असा एक पंखा तासभर चालविला तर त्यातून धुरके निर्माण करणारे जितके प्रदूषण होते, तितके होण्यासाठी २०१६ सालची एक मोटार सुमारे १,१०० मैल चालवावी लागेल, असा कॅलिफोर्नियाच्या हवा-नियंत्रण मंडळाचा हिशेब आहे. इंजिन लहान असले म्हणजे उपद्रवही लहानच असतो, ही समजूत त्यामुळे खोटी ठरते.

वणीच्या शेतकऱ्याजवळचा ब्लोअर हा पाने उडविण्याच्या चैनीसाठी आलेला नाही, हा फरक येथे प्रथमच नोंदविला पाहिजे. बेव्हर्ली हिल्सच्या अंगणातील पाने झाडूनेही काढता येतात. दिंडोरी तालुक्यातील बागेवर छाटणीनंतरच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला आणि डाउनीचा प्रादुर्भाव झाला तर काही तासांत औषध मारावे लागते. ते चुकले तर वर्षाचे पीक आणि त्यावर उचललेले कर्ज दोन्ही शेतकऱ्याच्या माथी येतात. पूर्वी हेच काम पाइप आणि गन घेऊन चार माणसे दिवसभर करीत. मजूर मिळणे कठीण झाले आणि पावसाचा नेम राहिला नाही, तेव्हा ब्लोअर आला. तो शेतकऱ्याची गरज आहे. म्हणून अमेरिकेतील बंदीची नक्कल येथे करावी, असे कोणी शहाणा माणूस सुचविणार नाही. परंतु एखादी गोष्ट गरजेची असली म्हणजे तिचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न निकालात निघत नाही. खरा विचार तेथूनच सुरू होतो.

हिशेबाबाहेरचा खर्च

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या प्रश्नाची मांडणी केली. उत्पादन करणारा माणूस स्वतःच्या वहीत डिझेल, औषध, मजुरी आणि हप्ता एवढेच खर्च लिहितो. परंतु त्याच्या कामामुळे दुसऱ्याला सोसावा लागणारा धूर, आवाज वा आजार त्या वहीत येत नाही. खाजगी खर्च आणि समाजाचा खर्च यांत असे अंतर पडले की ती वस्तू दिसते तितकी स्वस्त राहत नाही. तिच्या किमतीचा एक भाग भलत्याच माणसाने भरलेला असतो.

ब्लोअरच्या बाबतीत हा न लिहिलेला खर्च कोणकोणत्या रूपांनी येतो? पहाटेची मोडलेली झोप, सहामाही परीक्षेच्या दिवसांत अभ्यास करणाऱ्या मुलाचे उडालेले लक्ष, दम्याच्या रुग्णाला बंद खिडकीआड काढावा लागणारा दिवस आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या चालकाचा हळूहळू अधू होत जाणारा कान. यांपैकी कशाचीही पावती फाटत नाही. गंमत अशी की राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत फवारणीवर झालेला खर्च मिळकत म्हणून धरला जातो आणि त्यापायी डॉक्टरकडे गेलेले पैसेही पुन्हा मिळकत म्हणूनच धरले जातात. गमावलेली झोप तेवढी कोठेच वजा होत नाही.

यावर कोणी म्हणेल की बाग आधीची आहे आणि घर नंतरचे. ज्याला आवाज नको होता त्याने बागेशेजारी भूखंड घेतलाच कशाला? हा आक्षेप वाटतो तितका नवा नाही. लंडनच्या विगमोर स्ट्रीटवरील एका मिठाईवाल्याचा दावा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. मिठाईसाठी लागणारे जिन्नस कुटण्याचे त्याचे दोन खल होते. एक साठांहून अधिक वर्षे आणि दुसरा सव्वीसांहून अधिक वर्षे त्याच जागी चालत आला होता. पुढे शेजारी एक डॉक्टर राहावयास आला आणि काही वर्षांनी त्याने आपल्या बागेच्या टोकाला, नेमकी मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघराला लागून, रोगी तपासण्याची खोली बांधली. खलबत्त्याच्या ठोक्यांमुळे त्याला रोग्याच्या छातीतील आवाज ऐकू येईनात. १८७९ मध्ये न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. आधी कोण आला हा मुद्दा तेथे निर्णायक ठरला नाही.

याच खटल्याचा आधार घेऊन रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये एक वेगळा विचार मांडला. पुढे १९९१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उपद्रव हा नेहमी दोघांच्या जवळ येण्यातून निर्माण होतो, असे त्यांचे म्हणणे होते. मिठाईवाल्याला थांबविले तर त्याचे नुकसान आणि डॉक्टरला सोसावयास लावले तर डॉक्टरचे. म्हणून अपराधी कोण यापेक्षा कोणत्या उपायाने दोघांचे मिळून कमीत कमी नुकसान होईल, हे पाहावे. दोघांना बोलणी करणे सोपे असेल तर ते स्वतःच तडजोड शोधतील. अडचण अशी की प्रत्यक्षात बोलणी क्वचितच सोपी असते. एका बाजूला एक बागाईतदार आणि दुसऱ्या बाजूला तीस घरे असली म्हणजे पुढाकार कोणी घ्यावयाचा? प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. त्यात गावची भीड असते. अशा वेळी तडजोडीची चौकट पंचायतीने किंवा शासनाने घालून द्यावी लागते.

कायद्याची सरासरी

चौकट मुळीच नाही असे नाही. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहापासून पहाटे सहापर्यंत. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो आणि तेथे मर्यादा अनुक्रमे ५० आणि ४० आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये आणि ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालांनी शांततेने जगण्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काशी जोडला. महाराष्ट्रातील हा सारा लढा मुख्यतः ध्वनिक्षेपक, फटाके आणि मिरवणुका यांच्याभोवती फिरला. यंत्राच्या आवाजाकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले, कारण यंत्राचा आवाज हा कामाचा आवाज मानला जातो.

आता ही मर्यादा ब्लोअरला कशी लागू पडते ते पाहू. डेसिबल हे साधे माप नव्हे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. समजा, एखाद्या यंत्राचा आवाज पंधरा मीटरवर ७५ डेसिबल आहे. तो तीस मीटरवर ६९, साठ मीटरवर ६३ आणि एकशेवीस मीटरवर ५७ असेल. म्हणजे एकशेवीस मीटर दूरच्या घरातही, यंत्र चालू असेतोवर, तो पंचावन्नच्या वरच राहील.

परंतु नियमातील ५५ हा आकडा सबंध दिवसाची सरासरी आहे. तीस मीटरवरच्या घरात सकाळी अर्धा तास ६९ डेसिबल आवाज झाला आणि उरलेला दिवस शांत गेला, तर सोळा तासांच्या दिवसाची सरासरी सुमारे ५४ भरते. कायद्याच्या दृष्टीने तेथे काहीच घडलेले नसते! शिवाय मर्यादा दहा किंवा अधिक डेसिबलने ओलांडली गेली, तरच नागरिकाने तक्रार करावी असा नियम आहे. हाच अर्धा तास पहाटे पाचला आला, तर मात्र आठ तासांच्या रात्रीची सरासरी सुमारे ५७ होते. ती ४५ च्या मर्यादेहून बारा डेसिबलने अधिक असल्याने तक्रारीला पूर्ण जागा मिळते. यंत्र तेच, घर तेच, काम तेच. सहाच्या आधी ते उल्लंघन ठरते आणि सहानंतर ते नियमात बसते. एकाच अर्ध्या तासाचे दोन न्याय कसे होतात, हे यावरून दिसेल. त्याचबरोबर आज हाती असलेला सर्वांत सोपा उपाय कोणता, हेही दिसेल.

वर्गातल्या शिक्षकाला हा हिशेब अधिक लवकर पटेल. वर्गात शिकविणे नीट ऐकू यावे यासाठी तेथील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. अर्धवट उघड्या खिडकीने बाहेरचा आवाज फार तर पंधरा डेसिबलने कमी होतो. बाहेर ६९ असेल तर आत ५४ राहणारच. मग शिक्षक आवाज चढवितो, मागच्या बाकावरचा विद्यार्थी ऐकणे सोडून देतो आणि शेवटी दोघेही तास संपण्याची वाट पाहतात.

आवाजाबरोबर येणारे तुषार

अमेरिकेतील पंखा धूळ उडवितो. येथील पंखा औषध उडवितो, म्हणून येथील प्रश्न अधिक गंभीर आहे. वेलीच्या आतील पानापर्यंत औषध पोहोचावे म्हणून थेंब बारीक केले जातात. पण थेंब जितका बारीक तितका तो हवेत अधिक काळ राहतो आणि अधिक दूर जातो. बांधाकडच्या शेवटच्या ओळीत यंत्राचे तोंड बाहेरच्या बाजूला असते. तेथे अडवायला वेल नसते, आणि तो झोत सरळ कुंपणापलीकडे जातो.

फ्रान्समधील बोर्दो हा द्राक्षांचा जुना प्रांत आहे. डाउनीवरचे मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण त्याच्याच नावाने आपल्या शेतकऱ्यांना परिचित आहे. त्या प्रांतातील विल्नव्ह या गावी मे २०१४ मध्ये शाळेशेजारच्या बागांत बुरशीनाशकाची फवारणी झाल्यानंतर २३ विद्यार्थी आणि त्यांच्या शिक्षिका यांना त्रास झाला. देशभर त्याची चर्चा झाली. पुढे, १ जानेवारी २०२० पासून, फ्रान्सने वस्तीजवळच्या फवारणीसाठी किमान अंतरे ठरवून दिली. ती ठेंगण्या पिकांना पाच मीटर, द्राक्षे व फळबागा यांना दहा मीटर आणि अतिघातक औषधांना वीस मीटर अशी आहेत. तुषार कमी उडविणारी साधने वापरणाऱ्याला या अंतरात सवलत मिळते. दहा मीटर पुरेसे आहेत की नाहीत यावर तेथे अजून वाद आहे. पण द्राक्षाच्या देशालाही शेजाऱ्याचा विचार कायद्यात लिहावा लागला, हे त्यातून कळते.

आपल्याकडे धडा शिकविणारी घटना याहून पुष्कळ भीषण होती. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे जेथे दुसरी एक वणी आहे त्या जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. दाटीने व माणसाच्या उंचीइतक्या वाढलेल्या कपाशीत, अंगावर संरक्षक कपडे नसताना, दमट हवेत तास न् तास फवारणी होत होती. झोताने फवारणाऱ्या पंपांचीही त्या वेळी चर्चा झाली. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी आणि संरक्षक पोशाख यांची तरतूद आहे. ती कागदावर आहे. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून वणी-दिंडोरीच्या बागांत कामाला येणारा आदिवासी मजूर तोंडाला पंचा बांधून काम करतो आणि कॅबिन नसलेल्या ट्रॅक्टरचा चालक कानात कापसाचा बोळाही घालीत नाही. अशा ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी आवाज नव्वद डेसिबलच्या आसपास वा त्याहून अधिक असतो, असे मोजमापांत वारंवार आढळून आले आहे. घराच्या खिडकीला निदान दार असते. या माणसाला आडोसाच नाही.

येथे एक विसंगती मनाला बोचल्यावाचून राहत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात अडकली आणि बागाईतदारांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर अंशतपासणीची व्यवस्था अधिक कडक झाली. आज निर्यातीच्या बागेची नोंद होते, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि दाखला मिळाल्यावाचून पेटी बंदरावर चढत नाही. हे योग्यच आहे. पण रॉटरडॅमच्या ताटातील द्राक्षाला जो दाखला लागतो, तो वणीच्या अंगणातील तुळशीला कोणी विचारीत नाही. सातासमुद्रांपलीकडच्या ग्राहकाच्या एका घासाची काळजी व्यवस्था घेते, कारण त्याच्या हाती नकार देण्याची सत्ता आहे. कुंपणापलीकडचा शेजारी द्राक्ष विकत घेवो वा न घेवो, त्याला हवा नाकारता येत नाही. बाजाराची शिस्त जिथे पोहोचत नाही, तिथे नियमाची आणि शेजारधर्माची शिस्त पोहोचली पाहिजे.

दोघांना परवडणारे उपाय

उपाय शोधताना लॉस एंजेलिसचा अनुभव ध्यानात ठेवावा. त्या शहराने निवासी भागात पेट्रोलच्या पंख्यांना बंदी केली तेव्हा, १९९८ च्या आरंभी, बागकाम करणाऱ्या लॅटिन अमेरिकी मजुरांनी उपोषण केले. बंगल्यातील लोकांना शांतता हवी होती, पण तिची किंमत दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या माळ्याच्या खिशातून जात होती. तेवीस वर्षांनी कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला तेव्हा लहान व्यावसायिकांना नवी यंत्रे घेता यावीत म्हणून तीन कोटी डॉलरांची तरतूद केली. उपद्रव थांबविण्याचा खर्च दुबळ्याच्या गळ्यात घातला की नियम मोडला जातो किंवा नियमाविषयी चीड उत्पन्न होते, हा त्यातील धडा आहे.

पहिला उपाय वेळेचा आहे आणि त्याला दिडकी लागत नाही. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. अशा स्थिर हवेत बारीक तुषार वर न जाता तरंगत राहतात आणि आवाजही जमिनीकडे वळून दूरवर ऐकू जातो. म्हणजे जी वेळ शेजाऱ्याला सर्वांत त्रासाची, तीच तुषार भरकटण्याच्या दृष्टीनेही वाईट असते. सूर्य उगवून हवा थोडी हलू लागली, वाऱ्याची दिशा वस्तीपासून दूर असली आणि ऊन तापलेले नसले, म्हणजे वस्तीकडच्या ओळींत फवारावे. बागेचे हित आणि शेजाऱ्याची झोप येथे एकमेकांच्या आड येत नाहीत. शाळेला लागून असलेल्या ओळी शाळा भरण्यापूर्वी, सुटल्यानंतर किंवा रविवारी उरकता येतात. पाऊस पडून गेल्यावर तातडीने फवारावे लागले तर ती गोष्ट वेगळी. अडचण सांगितली तर शेजारी समजून घेतो. न सांगता आलेला झोत तेवढा खुपतो. गावोगाव मोबाइलवर एक निरोप धाडणे आज अवघड नाही.

दुसरा उपाय शेवटच्या चार-पाच ओळींचा. तेथे बाहेरच्या बाजूच्या नोझल बंद ठेवाव्यात, पंख्याची गती कमी करावी, किंवा त्या ओळींना जुन्या पद्धतीने हातगनने आतल्या दिशेने फवारावे. बांधावर दाट झाडांची ओळ वा हिरवे जाळे असावे. जाळीने आवाज थांबणार नाही, पण तुषार बऱ्याच अंशी अडतील.

तिसरा उपाय फवारण्यांच्या संख्येचा. जी फवारणी टळली तिचे डिझेल वाचते, औषध वाचते, अंशाची चिंता वाचते आणि आवाजही वाचतो. हवामानाच्या नोंदींवरून रोगाचा अंदाज बांधून गरजेपुरतेच फवारावे, हा सल्ला पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासारख्या संस्था देत आल्या आहेत. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारावे, या भीतीपोटी होणाऱ्या फेऱ्या कमी झाल्या तर सुंठीवाचून खोकला जाईल.

चौथा उपाय शासनाच्या हातचा आहे. कृषि यांत्रिकीकरणाच्या योजनेतून फवारणी यंत्रांना अनुदान मिळते. अनुदान म्हणजे सर्व करदात्यांचा पैसा, आणि त्यात कुंपणापलीकडच्या कारकुनाचाही वाटा असतो. ज्या यंत्राने त्याची झोप मोडते त्याच्या खरेदीला त्यानेच हातभार लावावा, यात न्याय नाही. अनुदानाला आवाजाची आणि तुषार भरकटण्याची मर्यादा जोडली, आणि कमी आवाजाच्या व नेमका मारा करणाऱ्या यंत्राला अधिक अनुदान दिले, तर शेतकऱ्यावर भार न पडता यंत्रे बदलतील. चालकासाठी कर्णरक्षक आणि मजुरासाठी मुखवटा व पोशाख हे यंत्राबरोबरच दिले जावेत.

पाचवा उपाय भूखंड पाडणाऱ्यांसाठी आहे. बागेला खेटून वस्ती वसविणारा विकासक सर्वांत अधिक नफा मिळवितो आणि या साऱ्या वादात कोठेच दिसत नाही. ले-आउट मंजूर करतानाच बागेच्या बाजूला झाडांचा पट्टा सोडण्याची अट घातली, तर उद्याची भांडणे आजच टळतील. त्याचा खर्च भूखंडाच्या किमतीत येईल आणि नंतर आलेल्या रहिवाशानेही आपला वाटा उचलल्यासारखे होईल. कोस यांच्या विचारातील न्याय्य भाग तो हाच.

घरमालकांनी स्वतःच्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. गवत कापण्याचे पेट्रोलचे यंत्र, वीज गेली की दारातच सुरू होणारा जनरेटर, आणि डासांसाठी गल्लीतून कानठळ्या बसवीत धूर सोडीत जाणारे यंत्र ही सारी याच कुळातील आहेत. धुराने उडणारे डास मरतात, पण साचलेल्या पाण्यातील अळ्या तशाच राहतात. पाण्याची टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करणे हा त्याहून स्वस्त आणि मुका उपाय आहे. बागाईतदाराकडे बोट दाखविणाऱ्याने आपल्या दारातील इंजिन आधी बंद केले, तर त्याच्या शब्दाला वजन येईल.

ग्रामसभेत दारू, रस्ता आणि पाणी यांवर चर्चा होते, तशी छाटणीच्या आधीच्या एखाद्या सभेत फवारणीच्या वेळांवरही व्हावी. एका पानाचा ठराव पुरेल. सहाच्या आधी वस्तीलगत ब्लोअर नको, शाळेजवळ तासाच्या वेळी नको, बांधाकडच्या ओळींत बाहेरचा झोत नको, आणि फवारणीपूर्वी शेजाऱ्याला निरोप द्यावा. त्याला न्यायालयाची वा मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. त्यात बागाईतदाराचे फार जात नाही आणि रहिवाशाला पुष्कळ मिळते. देवाणघेवाणीचा हाच प्रकार अर्थशास्त्राला सर्वांत प्रिय आहे.

ज्याचे जळते त्याला कळते, असे म्हणतात. वणीसारख्या गावात बागाईतदार, मजूर, शिक्षक आणि कारकून एकाच आळीत, पुष्कळदा एकाच कुटुंबात राहतात. ज्याची बाग आहे त्याचीच म्हातारी आई बंद खिडकीआड खोकत असते. म्हणून हा वाद शेतकरी विरुद्ध नोकरदार असा मुळीच नाही. द्राक्षाची पेटी नाशिकहून युरोपला जाते तेव्हा तिच्यावर वजन, प्रत आणि तपासणीचा दाखला चिकटविलेला असतो. ती पिकविताना शेजाऱ्याची झोप मोडली नाही आणि मजुराचा श्वास कोंडला नाही, असा दाखला देण्याची सोय कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. तो गावानेच गावाला द्यावयाचा आहे.